भरडा वाढवला की गाय कडबा कमी का खाते?

गोरेगावच्या तबेल्यात भरडा वाढवल्यापासून गाय कडबा टाकते, ती आजारी आहे का, असं तुम्ही विचारलंय. रवंथ नीट चालू असेल तर बहुधा नाही.

नुसत्या कडब्यावरची गाय पोट भरलं म्हणून थांबते, गरज भागली म्हणून नव्हे. तंतुमय चारा रुमेनमध्ये, म्हणजे पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यात, हळू पचतो आणि जागा अडवून बसतो. मका-ज्वारीच्या भरड्याने ऊर्जा वाढते. मग त्यातल्या पिष्टापासून (स्टार्च) रुमेनमध्ये बनलेलं प्रोपिओनेट नावाचं आम्ल यकृतात पोचतं आणि पोट भरण्याआधीच भूक भागते.

मला काळजी पचनाची वाटते. पिष्ट झपाट्याने आंबतं. आम्ल वाढून रुमेनचा सामू (pH) ६ च्या खाली उतरला की तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात आणि खाल्लेला कडबाही वाया जातो. शेण पातळ झालं, रवंथ कमी झालं, दुधाची फॅट उतरली तर भरडा कमी करा आणि पशुवैद्यांना दाखवा. मुंबईत शिळे पाव, भात सर्रास घालतात. तेही पिष्टच, हिशेबात धरा.

भरड्यातली वाढ २-३ आठवड्यांत हळूहळू करा. आधी वैरण, मग भरडा, तोही दिवसातून ३-४ वेळा वाटून.