कडाक्याच्या थंडीतही कंपन का विझते?

प्रश्न : अतिसंवाहक क्युबिटला, म्हणजे पुंजीय संगणकातील माहितीच्या एककाला, जोडलेले सूक्ष्म यांत्रिक अनुनादक (ठरावीक वारंवारतेने कंप पावणारे घटक) निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड करतात. उष्णताच उरली नाही, तर त्यांच्या कंपनाची ऊर्जा जाते कुठे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : 20 मिलिकेल्विन तापमानाला 5 गिगाहर्ट्‌झच्या अनुनादकात उष्णतेने आपोआप उठणारे फोनॉन, म्हणजे कंपन-ऊर्जेचे पुंज, जवळजवळ नसतात हे खरे, पण आपण मुद्दाम घातलेला फोनॉन टिकेल, असा त्याचा अर्थ होत नाही. सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात 2010 साली क्युबिटच्या साह्याने असा एक फोनॉन सुमारे 6 गिगाहर्ट्‌झच्या अनुनादकात घातला गेला, तेव्हा तो जेमतेम 6 नॅनोसेकंद, म्हणजे छत्तीस-सदतीस आंदोलने एवढाच टिकला.

ऊर्जा गळण्याची एक वाट आधारातून जाते. देवळातली घंटा हाताने धरली की तिचा नाद मरतो, तसेच हे आहे. त्यावर उपाय सापडला आहे : आधारावर ठरावीक अंतराने छिद्रे कोरली, तर त्या वारंवारतेची लाट त्यातून पुढे जाऊच शकत नाही. कॅलटेक या अमेरिकेतील संशोधन संस्थेत 2020 साली अशा सिलिकॉनच्या तुळईत 5 गिगाहर्ट्‌झचे कंपन सुमारे दीड सेकंद टिकले. मात्र ती तुळई क्युबिटला जोडलेली नव्हती. तिचे मापन लेसरने केले होते.

दुसरी वाट अधिक चिवट आहे. काचेसारख्या विस्कळीत पदार्थांत काही अणू दोन जागांमध्ये पुंजीय बोगद्याने, म्हणजे मधला ऊर्जेचा अडसर न चढताच, ये-जा करतात, असे अँडरसन, हॅल्परिन व वर्मा या भौतिकशास्त्रज्ञांनी आणि स्वतंत्रपणे फिलिप्स यांनी 1972 साली मांडले. पृष्ठभागावरील ऑक्साइडचा थर असाच विस्कळीत असतो. अशा अणूंना ऊर्जेच्या दोनच पातळ्या असतात, म्हणून त्यांना द्विस्तरीय प्रणाली म्हणतात. उबेत त्यांच्या दोन्ही पातळ्या जवळपास सारख्याच भरलेल्या असतात, त्यामुळे त्या फारशी ऊर्जा शोषत नाहीत. थंडीत मात्र त्या खालच्या पातळीत येऊन बसतात आणि नेमक्या आपल्या वारंवारतेचा फोनॉन गिळतात. म्हणजे थंडीने ही गळती उलट वाढते.

खरी अडचण अशी, की क्युबिटशी जोडण्यासाठी दाबविद्युत पदार्थ (दाबाचे विजेत आणि विजेचे कंपनात रूपांतर करणारे) आणि धातूचे थर लागतात आणि प्रत्येक थराबरोबर नवे सदोष पृष्ठभाग येतात. येल विद्यापीठातील गटाने 2017 साली ॲल्युमिनियम नायट्राइडची लहानशी चकती नीलमण्याच्या पट्टीवर ठेवून कंपन बहुतांशी नीलमण्याच्या अंतर्भागात राहील अशी रचना केली, तेव्हा फोनॉनचे आयुष्य सुमारे 17 मायक्रोसेकंदांवर गेले. मला हा मार्ग फार मोलाचा वाटतो.

आयुष्यमानाचा कोणताही आकडा वाचताना तो किती फोनॉन असताना मोजला, हे अवश्य पाहावे. जोरदार कंपनाने या द्विस्तरीय प्रणाली संपृक्त होतात, म्हणजे आणखी ऊर्जा शोषू शकत नाहीत, आणि गळती कमी दिसते. पुंजीय प्रयोगात मात्र एकाच फोनॉनवर भिस्त असते.