वाळूतून पाणी झिरपतं, त्यात संशोधन करण्यासारखं काय?

तुमचा प्रश्न असा: ज्यांच्याकडे पीएचडी करायचा विचार आहे ते सर 'सच्छिद्र माध्यमांतील प्रवाह' (वाळू, माती, खडक अशा छिद्रं असलेल्या पदार्थांतून पाणी किंवा वायू कसे वाहतात) यावर काम करतात, पण डार्सीचा नियम १८५६ सालचा, मग आता शोधायचं काय उरलं? मीही एके काळी हेच म्हणायचो. नंतर वाळू भरलेल्या नळीसमोर दोन वर्षं काढली.

नियम सोपाच आहे. आंरी डार्सी हा फ्रान्समधल्या दिजाँ शहराला पाणी आणणारा इंजिनिअर. उभ्या नळीत वाळू भरून त्यानं दाखवलं, की प्रवाह पाण्याच्या पातळीतल्या फरकाच्या सम प्रमाणात आणि वाळूच्या थराच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असतो. उरतो तो गुणांक, आपला 'के': त्या थरातून पाणी किती सहज जातं, ते सांगणारा आकडा. सगळी मेख त्या एका अक्षरात आहे. भरड खडीत तो सेकंदाला सेंटिमीटरच्या घरात, तर चिकणमातीत सेकंदाला एक नॅनोमीटर किंवा त्याहूनही कमी. म्हणजे कोटी पटीचा फरक!

आणि कणांमधली पोकळी मात्र चिकणमातीतच जास्त असते. वाळूत ती साधारण ३० ते ४० टक्के, मऊ चिकणमातीत ५० च्याही पुढे. पोकळी किती यापेक्षा छिद्रं केवढी, हे महत्त्वाचं. एका नळीऐवजी निम्म्या व्यासाच्या चार नळ्या घ्या. एकूण क्षेत्रफळ तेवढंच, पण त्याच दाबाला संथ वाहणारं पाणी चौथा हिस्साच येईल.

माझा पहिला प्रयोग सांगतो. नळीत कोरडी वाळू भरली, वरून पाणी सोडलं आणि 'के' काढला. दुसऱ्या दिवशी वेगळा, तिसऱ्या दिवशी आणखी वेगळा. आठवडाभर मी गळती शोधत होतो. दोष निघाला हवेचा: कणांमध्ये अडकलेले बुडबुडे वाटा अडवून बसले होते, आणि त्यांतले काही रोज थोडे थोडे विरघळत होते. मग आधी व्हॅक्यूमखाली पाण्यातली हवा काढायची आणि ते पाणी खालून वर, अगदी सावकाश चढवायचं, हे शिकलो. दहा मिनिटांच्या प्रयोगाला दीड दिवसाची तयारी.

हा बुडबुडा म्हणजेच या विषयाचा मोठा भाग आहे, हे फार उशिरा कळलं. एकाच छिद्रात दोन द्रव किंवा वायू आले की ते एकमेकांच्या वाटा बंद करतात. पाण्यानं तेल ढकलायला जावं तर पातळ पाणी घट्ट तेलात बोटांसारखं घुसतं आणि बरंच तेल मागे राहतं. या बोटांचं गणित सॅफमन आणि टेलर यांनी १९५८ मध्ये मांडलं. नॉर्वेजवळ समुद्राखालच्या वाळूखडकात स्लाइप्नर प्रकल्पानं १९९६ पासून कार्बन डायऑक्साइड भरला. तिथेही प्रश्न तोच, वायू कुठून सरकणार आणि कुठे अडकून राहणार.

भूजलात जायचं असेल तर एक हिशेब आत्ताच करून ठेवा. 'के' सेकंदाला ०.१ मिलिमीटर, भूजलाच्या पातळीचा उतार १०० ला १. डार्सीच्या सूत्रानं वेग येतो वर्षाला सुमारे ३२ मीटर. पण हा वेग पूर्ण क्षेत्रफळावर काढलेला असतो आणि पाणी वाहतं फक्त छिद्रांतून. वाहती सच्छिद्रता, म्हणजे पाणी ज्यातून खरंच वाहतं त्या छिद्रांचा हिस्सा, २५ टक्के धरली तर पाण्याचा खरा सरासरी वेग १२६ मीटर. पाण्याबरोबर वाहत जाणारं प्रदूषण विहिरीपर्यंत चार वर्षांत येईल असं तुम्ही सांगितलंत, तर ते एका वर्षातच पोचेल. परीक्षेत अर्धा मार्क जातो, प्रत्यक्षात विहीर जाते.

सरांना भेटाल तेव्हा थेट विचारा, की तुमचा 'के' येतो कुठून: नमुन्यावर मोजलेला, सीटी स्कॅनमधल्या छिद्रांवरून काढलेला, की निरीक्षणं जुळेपर्यंत मॉडेलमध्ये फिरवलेला? यातलं शेवटचं उत्तर आलं, तर किती विहिरींची निरीक्षणं हाताशी आहेत तेही विचारा.