राजीनाम्याआधी एक फेरी करून बघ
मित्रा, नोकरी सोडून ट्रक चालवायचं म्हणतोस, तर त्याआधी ओळखीच्या ट्रक ड्रायव्हरसोबत एक लांबची फेरी कर आणि रात्री केबिनमध्येच झोप. गाडी हळूहळू हातात बसते. माल भरायला-उतरवायला तासन्‌तास ताटकळणं मात्र जिवावर येतं. पैसे किलोमीटरवर मिळणार असतील, तर त्या खोळंब्याचे मिळतात का, हे मालकाला आधीच विचार. पहाटे २ ते ५ या वेळात डोळ्यांवर हमखास झापड येते. तेव्हा रेटू नकोस, गाडी सुरक्षित जागी लावून २० मिनिटं झोप. भरलेला ट्रक कारसारखा पटकन थांबत नाही रे. पाठीचं दुखणं असेल तर डॉक्टरांना दाखव. घरच्यांशीही मोकळेपणाने बोल. माझ्या मुलीची पहिली पावलं मी फोनवर पाहिली, ते अजून सलतं.