सिरीज अर्धी सोडली तर चालेल का?

प्रश्न : ताई, मला फँटसी कादंबऱ्यांचं वेड आहे पण आता जाम वैताग आलाय. ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाल्या जॉर्ज मार्टिनच्या सिरीजचा पहिला भाग १९९६चा, पाचवा २०११ला आला आणि सहाव्याचा अजून पत्ता नाही! मित्र म्हणतो सिरीजऐवजी छोट्या कथा वाच, पण कथेत जरा रमतोय तोवर ती संपतेच की. काय करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : अरे, सोड की बिनधास्त, कोणी दंड नाही लावत. मी रॉबर्ट जॉर्डनची ‘व्हील ऑफ टाइम’ वाचलीये, १९९० ते २०१३, तब्बल १४ भाग, त्यात २००७ला जॉर्डन स्वतःच गेला, मग त्याच्या नोट्सवरून शेवटचे तीन ब्रँडन सँडरसनने लिहिले. दहाव्या भागात गोष्ट इंचभर सरकत नाही, आणि त्यातली ती नायिका नायनीव्ह चिडली की वेणी ओढते, परत चिडते, परत ओढते, मी तर मोजायला लागले होते! तरी पूर्ण केलं, कारण इतकी वर्षं सोबत राहिलेली माणसं शेजाऱ्यांसारखी होतात, कंटाळा येतो पण खिडकीतून डोकावतोच आपण.

कथेचं मात्र तुझं पटलं नाही. रात्री रत्नाकर मतकरींची एखादी गूढकथा वाच आणि मग पाणी प्यायला एकटा स्वयंपाकघरात जाऊन दाखव. ती संपत नाही रे, पुस्तक मिटल्यावर सुरू होते. नारायण धारपांच्या भयकथांचंही तसंच, फक्त लाइट गेलेले असताना नको. (मी केलंय हे, आईला उठवावं लागलं.)