फ्रान्समध्ये राहून चित्रकलेचा छंद वर्षभर चालू ठेवता येतो का? ऋतूंचा किती फरक पडतो?

येतो. फरक मात्र भलताच पडतो. मी दक्षिणेला एक्स-आं-प्रोव्हान्सला राहते, त्यामुळे पॅरिसचं मला विचारू नका.

जलरंग मी पुण्यात शिकले. तिथे जुलैत आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, दिला की चहा पिऊन, कप विसळून झाले तरी कागद ओलाच. इथे उलटी गत. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून मिस्त्राल नावाचा कोरडा वारा सुटतो आणि ब्रश बुडवून वर आणेपर्यंत आधीचा रंग वाळून कडा धरतो. पहिल्या वर्षी माझा बोर्ड कागदासकट द्राक्षमळ्यात उडाला! आता इझेलला दगडांची पिशवी टांगते, कागद पाठपोट भिजवून घेते. पण हाच वारा हवा अशी धुऊन काढतो, की १,०११ मीटर उंचीचा सेंत-व्हिक्तुआर डोंगर अंगणात आल्यासारखा दिसतो. चित्रकार सेझान आयुष्यभर त्याच डोंगराच्या मागे का लागला, ते अशा सकाळी कळतं. १९०६ च्या ऑक्टोबरात बाहेर चित्र काढताना तो वादळी पावसात सापडला आणि काही दिवसांतच गेला. म्हणून आभाळ भरून आलं की मी गाशा गुंडाळते.

फेब्रुवारीत बदाम फुलतो, तेव्हा बोटं गारठतात. उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो, पण वणव्याच्या धोक्यामुळे जून ते सप्टेंबर डोंगरवाटा कधीही बंद होतात; आदल्या संध्याकाळी चौकशी करून ठेवायची. लव्हेंडर एकदा रंगवलं. पोस्टकार्ड झालं. पुन्हा नाही.

डिसेंबरात पाचलाच अंधार, म्हणून तेव्हा घरात सांतों. ख्रिस्तजन्माच्या देखाव्यातल्या या मातीच्या बाहुल्या. राज्यक्रांतीत चर्च बंद पडली तेव्हा लोक घरीच देखावे मांडू लागले, आणि पुढे मार्सेय शहरातल्या लान्येल नावाच्या मूर्तिकाराने स्वस्त बाहुल्यांसाठी साचे केले. देखाव्यात बाळ येशूबरोबर गिरणीवाला, मासेवाली, धारवाला, सगळं गाव असतं. थेट आपला दिवाळीचा किल्ला!

इथे ४ डिसेंबरला बशीत गहू पेरतात, नाताळपर्यंत तो हिरवागार होतो. शेजारच्या आजींनी मला अशी बशी दिली, तेव्हा माझ्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये मी त्यांना घटस्थापनेचं धान आणि किल्ल्यावरचे अळीव समजावत बसले. सांतों रंगवायला त्यांच्याकडेच शिकते आहे. गेल्या वर्षी एक मावळा केला. त्यांनी तो मासेवालीशेजारी उभा केला.