वाचकांचे प्रश्न : गेलेल्या काळाचा निरोप

प्रश्न : ऑस्ट्रियन लेखक स्टीफन झ्वाइग यांचे ‘कालचे जग’ हे आत्मकथन मी इंग्रजी अनुवादातून वाचले. त्यात लेखकाच्या दोन्ही विवाहांविषयी जवळजवळ काहीच नाही, आणि जुन्या व्हिएन्नाचे कौतुक मात्र भरभरून आहे. सुखवस्तू घरातल्या माणसाचे हे स्मरणरंजन आहे, असे म्हटले तर चुकेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपली शंका रास्त आहे, मात्र हे पुस्तक आत्मचरित्र म्हणून हाती घेतले की निराशाच पदरी येते. गेलेल्या माणसाविषयी चार शब्द बोलावेत, तसे ते गेलेल्या काळाविषयी लिहिलेले आहे, आणि अशा वेळी कोणी स्वतःच्या संसाराविषयी बोलत नाही. नाझी राजवटीमुळे परागंदा झालेल्या झ्वाइग यांच्याजवळ लिहिताना ना स्वतःची पुस्तके होती, ना टिपणे, ना मित्रांची पत्रे. फेब्रुवारी १९४२मध्ये ब्राझीलमधील पेट्रोपोलिस येथे त्यांनी पत्नीसह जीवन संपवले. पुस्तक त्याच वर्षी स्टॉकहोमहून प्रसिद्ध झाले.

पहिल्या प्रकरणात घराचा आगीपासून, शेताचा गारपिटीपासून विमा उतरवणारी आणि मुलगी पाळण्यात असतानाच तिच्या हुंड्यासाठी पॉलिसी काढून ठेवणारी माणसे भेटतात. ती डोळ्यांपुढे ठेवून १९१९ सालचा, फेल्डकिर्श या सरहद्दीवरच्या स्थानकातला प्रसंग वाचावा. पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर ऑस्ट्रियाचा शेवटचा सम्राट कार्ल देश सोडून निघाला आहे. डब्याच्या खिडकीआड तो ताठ उभा आहे आणि शेजारी काळ्या वेषातली महाराणी झिटा आहे. स्वित्झर्लंडहून मायदेशी परतणारे झ्वाइग हे पाहतात आणि मग ऑस्ट्रियाच्या गाडीत चढतात, तर तिथे खिडक्यांचे चामडी पट्टेच कापून नेलेले, कारण चामड्याचा तुकडाही मोलाचा झाला होता. मला सम्राटापेक्षा हे पट्टे अधिक बोलके वाटतात. पाळण्यातल्या त्या मुलीच्या पॉलिसीचे पुढे काय झाले असेल, हे इथे न सांगताच कळते.

सुखवस्तूपणाचा आक्षेप खराच आहे. वडील कापडाचे कारखानदार होते, आणि व्हिएन्नाच्या कामगारवस्त्यांतले दारिद्र्य या पानांत फारसे दिसत नाही. तरीही ‘स्मरणरंजन’ हा शब्द मला पटत नाही, कारण जीव घुसमटवणारी शाळा, लैंगिकतेविषयीचा समाजाचा दांभिकपणा आणि त्यापायी तरुणांच्या मनात घर करून बसलेली गुप्तरोगांची भीती, हे सारे त्यांनी त्याच काळाच्या खात्यावर मांडले आहे. दुसरे आणि तिसरे प्रकरण आपण पुन्हा एकदा वाचावे, अशी विनंती आहे.