डोळ्यात लोखंडाचा कण आत रुतला असेल, पण दिसत असेल, तर शस्त्रक्रिया टाळता येईल का?

छिन्नीवर हातोडा मारताना उडालेला लोखंडाचा कण तुमच्या भावाच्या डोळ्यात आतवर गेला आहे, त्याला दिसते आहे, तरीही डॉक्टर शस्त्रक्रिया सांगतात. ती टाळून कण नुसत्या चुंबकाने काढता येणार नाही का, असे तुम्ही विचारले आहे. मी दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आत मागे असलेल्या पडद्याच्या (रेटिनाच्या), शस्त्रक्रिया करतो आणि माझे उत्तर असे की ती टाळू नये, पुढेही ढकलू नये.

असा कण इतका बारीक आणि वेगवान असतो की त्याने पाडलेले छिद्र अनेकदा आपोआप मिटते, वेदनाही ओसरते, आणि नेमकी हीच स्थिती फसवी असते. कणाबरोबर जंतू आत गेले असतील तर काही तासांत डोळा आतून पिकू शकतो. म्हणून जखम शक्यतो पहिल्या 24 तासांत बंद करतात. संसर्ग टळला तरी लोखंड आत हळूहळू विरघळत राहते आणि त्याचा अंश दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशींना मारतो. आधी रातांधळेपणा येतो, मग नजरेचा घेर आक्रसतो, आणि गेलेल्या पेशी परत येत नाहीत. तांबे तर याहून उग्र असते. काच किंवा काही प्लास्टिकचे कण मात्र डोळा पुष्कळदा सहन करतो आणि ते कधीकधी आत राहूही देतात. लोखंडाला ही सवलत नाही.

चुंबकाची कल्पना चुकीची नाही. बर्लिनचे नेत्रतज्ज्ञ हिर्शबर्ग यांनी 1879 साली विद्युतचुंबकाने असा कण काढला होता. पण बाहेरून जोराने ओढलेला कण वाटेतल्या भिंगाला किंवा दृष्टिपटलाला फाडत येऊ शकतो, आणि त्याच्यावर आपला ताबा राहत नाही. 1970 च्या दशकात नेत्रशल्यविशारद माखेमर यांनी रूढ केलेल्या व्हिट्रेक्टॉमीने, म्हणजे डोळ्यातली जेली काढण्याच्या शस्त्रक्रियेने, हे चित्र बदलले. बुबुळाच्या कडेपासून साधारण 3.5 ते 4 मिलिमीटर मागे बारीक छिद्रे पाडून आतला जेलीसारखा द्रव आधी काढतात, कणाभोवतीचे चिकट आवरण सोडवतात, गरज असल्यास भोवती लेसर देतात, आणि मगच सूक्ष्म चिमट्याने किंवा आत नेता येणाऱ्या छोट्या चुंबकाने, डोळ्यांदेखत, कण उचलतात. शेवटी डोळ्यात वायू भरला असेल, तर तो पूर्ण विरेपर्यंत विमानप्रवास करायचा नसतो.

कणाची जागा सीटी स्कॅनने कळते. एमआरआय मात्र मुळीच करू नये, कारण त्याच्या चुंबकीय क्षेत्रात कण हलू शकतो. शस्त्रक्रिया होईपर्यंत डोळा दाबू, चोळू किंवा धुऊ देऊ नका, त्यावर कडक कवच ठेवा आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा.

दृष्टी किती राहील हे कण कुठे आदळला यावर बरेच अवलंबून असते. दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूला इजा झाली असेल तर उत्तम शस्त्रक्रियेनंतरही मर्यादा राहते. कण निघाल्यावरही काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दृष्टिपटल जागेवरून सुटू शकते, म्हणून डोळ्यापुढे चमक, नवे काळे ठिपके किंवा पडदा सरकल्यासारखे दिसले तर त्याच दिवशी दाखवायला घेऊन जा.